हलकी क्रँक पुली बसवू की नको? (जुनी सिटी १.५ व्हीटेक, बेळगाव)

चोर्लाकर

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. गाडी आमची २००२ ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक (जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडून दम देणारं इंजिन), केए-२२ पासिंग, बाबांनी घेतलेली, आता त्यांना गुडघ्यामुळं क्लच दाबवत नाही म्हणून माझ्याकडं आलीय. पावणेदोन लाख किलोमीटर झालेत, इंजिन अजून एकदाही उघडलेलं नाही. एवढ्या वयाच्या गाडीबद्दल तक्रार नाही, पण गेल्या सहा-आठ महिन्यांत पिकअप पडलाय. गोव्याहून येताना केरी सोडून चोर्ल्याचा चढ लागला की आधी तिसऱ्यावर खेचायची, आता दुसरा मागते. प्लग नवे, एअर फिल्टर नवा, क्लच मागच्या वर्षी केला, टायमिंग (ठिणगी कधी पडायची ते) पण मेकॅनिकनं लाइट लावून परत सेट करून दिलंय. सकाळी पहिल्यांदा चालू केली की बेल्ट जरा किंचाळतो, तेवढं सोडलं तर बाकी काही नाही.

तर पुण्यातला मित्र म्हणाला हलकी क्रँक पुली (क्रँक म्हणजे पिस्टननं फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, त्याच्या पुढच्या टोकावरचं बेल्ट फिरवणारं चाक) टाक, गाडी पोरीसारखी पळते. (कुणाच्या पोरीसारखी ते विचारू नका.) मी पण उत्साहात ऑनलाइन मागवली. अ‍ॅल्युमिनियमची, निळं अ‍ॅनोडायझिंग, दिसायला एक नंबर, साडेसात हजार गेले. बॉक्सवर लिहिलंय ७ ते ८ हॉर्सपॉवर वाढणार. आमचा मेकॅनिक म्हणतो तासाभराचं काम, रविवारी गाडी आण. पण एका जागी वाचलं की यानं क्रँक तुटतो. खरं काय? कुणी वापरलीय का आपल्या भागात? साडेसात हजार बुडाले तर बुडाले, इंजिन बुडायला नको.

निपाणीचा_गडी

बसव की मर्दा, काय विचारत बसलास. माझ्या गाडीला दोन वर्षं झाली, तीस हजार किलोमीटर पळवली, काय सुदिक झालेलं नाही. निपाणी ते कोल्हापूर रोज जातोय. आधी सुई वर चढायला वेळ घ्यायची, आता पाय लावला की भिंगरी. कंपनीवाले जड पुली का लावतात तर लोकांना गाडी मऊ वाटावी म्हणून, बाकी काय नाही. क्रँक तुटतो म्हणणाऱ्यांनी आपल्या डोळ्यांनी तुटलेला बघितलाय का कधी?

चंदगडी_वाघ

मी बघितलाय. म्हणजे क्रँक दोन तुकडे नाही झाला, पण नाक (पुली बसते ते पुढचं टोक) गेलं.

गाडी कुठली, पुली कुणाची, बसवली कुठं हे लिहिणार नाही, उगीच भांडणं नकोत. पुली बसवून चौदा महिने झाले होते. तिलारी घाट चढताना खालनं टकटक यायला लागली, मला वाटलं दगड उडतोय. वर येऊन बॉनेट उघडून बघतो तर पुली अशी डुलतेय जशी वरातीतला घोडा. बोल्ट सैल. आतली चावी (पुली जागेवर घसरू नये म्हणून घातलेला लोखंडी तुकडा) चेपलेली, क्रँकच्या नाकावरचा तिचा गाळा फाकलेला. टायमिंगचा पुढचा दातेरी चाक पण त्याच बोल्टनं दाबलेलं असतं, ते हललं असतं तर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटायला गेले असते. नशीब म्हणायचं. खर्च सांगत नाही, घरी अजून खरा आकडा माहीत नाही.

निपाणीचा_गडी

वाघोबा, ते बोल्ट नीट न आवळल्यामुळं झालं. पुलीचा काय दोष त्यात?

चंदगडी_वाघ

असेल. हवेच्या गननं आवळला होता हे खरं, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना) त्या गॅरेजात नव्हताच. जुनाच बोल्ट परत घातला. पण भावा, आपल्याकडं दहातली नऊ गॅरेजं तशीच बसवणार ना? मग पुलीची जोखीम मोजताना बसवणाऱ्याची पण त्यात धरायला पाहिजे.

उद्यमबाग_लेथवाला

चोर्लाकर, सगळ्यात आधी एक काम कर. पुढचं चाक काढ, आतला प्लास्टिकचा पडदा काढ आणि टॉर्च लावून मूळची पुली बघ. मधला भाग आणि बाहेरचा खाचांचा पट्टा यांच्यामध्ये काळी रबराची रेघ गोल फिरलेली दिसते का? दिसत असेल तर ती नुसती पुली नाही, डॅम्पर आहे. आमच्यात सगळे डॅम्परच म्हणतात. दिसत नसेल, सगळं एकसंध लोखंड असेल, तर मग ती नुसतीच बेल्ट फिरवणारी पुली, तिथं हलकी टाकली तर फार बिघडत नाही. छोट्या इंजिनांना कंपनीकडनंच अशी साधी पुली येते कधीकधी. आधी हे बघा, मग वाद घाला.

आणि दुसरं, जरा धंद्यातलं सांगतो. माझं आयुष्य ओतकाम आणि लेथवर गेलं. उद्यमबागेत मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करणारे शेकड्यानं आहेत, त्यांना विचार. कंपनीचा माणूस एका पार्टमागं पन्नास पैसे वाचवायला आमच्याशी अर्धा दिवस भांडतो. ब्रॅकेटचा एक बोल्ट कमी करता आला तर पेढे वाटतात. ते लोक दीड-दोन किलो लोखंड, त्यावर रबर, त्यावर बॅलन्सिंगचा खर्च, हे सगळं गिऱ्हाइकाला गाडी मऊ वाटावी म्हणून फुकट देतील? वजन आहे म्हणजे त्याला काम आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली ह्याच गावात सायकलचं दुकान काढलं, तेव्हापासून इथल्या लोखंडाला हिशोब कळतो. असो, म्हातारा झालो, विषय सोडून बोलतोय.

चोर्लाकर

काका, बघितलं. रबराची रेघ आहे. आणि रबर जरा फुगल्यासारखं, बारीक चिरा पण आहेत. फोटो अंधारात नीट आला नाही.

म्हणजे डॅम्परच. पण हा डॅम्पर नेमकं करतो काय? वायब्रेशन कमी करतो म्हणतात, पण माझं इंजिन तसं पण थरथरत नाही. बॅलन्स बिघडतो का हलकी लावल्यावर?

निवृत्त_मास्तर

इथं दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते, वर्गात पण व्हायची, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढं सरका.

इंजिन थरथरणं वेगळं आणि क्रँकशाफ्ट पिळला जाणं वेगळं. थरथर म्हणजे सगळं इंजिन माउंटिंगवर हलतं, ती तुम्हाला सीटवर कळते. सरळ रांगेतल्या चार सिलिंडरचा क्रँक स्वतःपुरता बॅलन्स केलेला असतो, पुढची पुली गोल आणि सारख्या वजनाची असेल तर ती हलकी केल्यानं हा बॅलन्स बिघडत नाही. इथपर्यंत निपाणीकरांचं बरोबर.

आता पिळणं. चार स्ट्रोकच्या चार सिलिंडरमध्ये दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. प्रत्येक स्फोट म्हणजे क्रँकच्या एका आट्याला हातोड्याचा फटका. शाफ्ट बिडाचा असो की फोर्ज केलेला, तो थोडा पिळतो आणि लगेच उलटा सुटतो, आपण ओला टॉवेल पिळून सोडल्यावर तो उलगडतो तसा. मागच्या टोकाला फ्लायव्हीलचं जड चाक आहे, ते टोक जवळजवळ स्थिर राहतं. पुढचं नाक मोकळं, त्यामुळं सगळ्यात जास्त हलतं ते नाक, म्हणूनच डॅम्पर नाकावर बसवतात, मागं नाही. हे हलणं अंशाच्या काही दशांशात असतं, सीटवर बसून ते तुम्हाला कळणारच नाही. म्हणून 'मला काही जाणवलं नाही' हा इथं पुरावा होत नाही.

प्रत्येक शाफ्टची स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते. समजा ती ४०० हर्ट्झ आहे. ६००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) क्रँक सेकंदाला १०० फेरे मारतो. एका फेऱ्यात फटके दोन, पण त्या फटक्यांत दुप्पट-तिप्पट लयीही मिसळलेल्या असतात, म्हणजे फेऱ्यांच्या चौथ्या-सहाव्या पटाच्या. चौथा पट ४००. म्हणजे बरोबर तिथं फटक्यांची लय आणि शाफ्टची लय एक होते, प्रत्येक फटका आधीच्या झोक्यात भर घालत जातो. सहावा पट धरला तर हेच ४००० आरपीएमला होतं. डॅम्परचं बाहेरचं कडं रबरावर लटकलेलं असतं आणि ते मुद्दाम ह्याच लयीच्या आसपास जुळवलेलं असतं. शाफ्ट एकीकडं पिळला की कडं मागं राहतं, उलट ओढतं, आणि ती ताकद रबरात उष्णता होऊन संपते. देवळातल्या घंटेला टोल दिल्यावर पुजाऱ्यानं तळवा टेकवला की नाद जसा विझतो, तसं. अ‍ॅल्युमिनियमची एकसंध पुली लावलीत म्हणजे तळवा काढून घेतलात.

हे काही नवं नाही. १९०५-०६ च्या सुमारास रोल्स-रॉइसच्या सहा सिलिंडर गाडीचे क्रँक ह्याच पिळण्यामुळं तुटत होते. रॉइस आणि लँचेस्टर ह्या दोघा इंग्रज इंजिनियरांनी त्या काळात ह्यावर डोकं घासलं, डॅम्परची कल्पना तिथनं रुजली. क्रँक जितका लांब तितका त्रास जास्त, म्हणून सहा सिलिंडरला हा भाग जीव की प्राण. चार सिलिंडरचा क्रँक आखूड, म्हणून निपाणीकरांची गाडी दोन वर्षं चालली ह्यात आश्चर्य नाही.

कॅम्पातला_बावा

सर, आम्हाला ३५ वर्षांपूर्वी असं शिकवलं असतं तर पास झालो असतो.

निपाणीचा_गडी

मास्तर, मान देऊनच विचारतो. माझ्या वाचण्यात असं आलंय की नाकावरचं वजन कमी केलं की शाफ्टची फ्रिक्वेन्सी वर जाते. मग ती खतरनाक जागा रेडलाइनच्या (इंजिनाच्या वेगाची वरची मर्यादा) वर निघून जाते, तिथं आपण जातच नाही. शिवाय रेसमधले लोक सगळे हलक्याच पुल्या वापरतात. ते काय वेडे आहेत?

निवृत्त_मास्तर

प्रश्न चांगला आहे. फ्रिक्वेन्सी वर जाते हे अगदी खरं. पण किती? समजा ४०० ची ४४० झाली. चौथ्या पटाची जागा ६००० वरून ६६०० ला गेली. व्हीटेक माणूस खेचतो कुठं? तिथंच. आणि सहाव्या पटाची जागा ४००० वरून ४४०० ला आली, म्हणजे घाटात दुसऱ्यावर असताना सतत. जागा सरकली, पण तिथं विझवायला आता कोणी नाही. आकडे मी समजावण्यापुरते धरलेत, प्रत्येक इंजिनाचे वेगळे असतात, म्हणूनच कंपनी मोजून रबर निवडते.

रेसवाल्यांचं म्हणाल तर ते इंजिन किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात. ठरावीक तास झाले की उघडून क्रँकला भेगा आहेत का तपासतात, बेअरिंग बदलतात. आणि त्यातले बरेच जण डॅम्पर काढत नाहीत, उलट जास्त चांगला लावतात, आतमध्ये घट्ट सिलिकॉनच्या तेलात कडं तरंगत ठेवलेला, जो एकाच लयीवर नाही तर सगळ्या पट्ट्यात काम करतो. तुम्ही रेसवाल्यांची अर्धी गोष्ट उचलताय.

उद्यमबाग_लेथवाला

मास्तरांच्या बोलण्यात एक भर. क्रँक एकदम कडाड करून तुटत नाही बहुतेक वेळा. त्याआधी लहान लहान पार्ट जातात. ह्या होंडाचा ऑइल पंप क्रँकच्या नाकावरच बसतो, क्रँक त्याचा आतला गिअर थेट फिरवतो. नाकाला हिसके बसले की ते हिसके त्या गिअरला बसतात. असले गिअर पावडर दाबून भाजून केलेले असतात, दाब सोसतात पण टोले सोसत नाहीत. एकदा तो फुटला की तेलाचा दाब शून्य, आणि मग बेअरिंगं. लोक म्हणतात ऑइल पंप खराब निघाला. पुलीचं नाव कोण घेतंय?

चोर्लाकर

बरं, जोखीम कळली. पण फायदा? ७-८ हॉर्सपॉवर म्हणजे १०६ च्या इंजिनाला कमी नाही ओ. ते पण खोटं?

निवृत्त_मास्तर

काकांकडं दोन्ही पुल्या तराजूवर टाकून वजन कळवा, मग हिशोब करू.

चोर्लाकर

काका, रविवारी येऊ का? नवी पुली घेऊन येतो. जुनी तुमच्या साधनानं काढायची.

उद्यमबाग_लेथवाला

ये. दुपारी दोननंतर ये, सकाळी लाइट नसते. आणि बोल्ट काढायला कुणाचं ऐकून स्टार्टर मारू नकोस. बाकीच्या गाड्यांत पाना अडकवून स्टार्टरचा झटका दिला की बोल्ट सुटतो, पण ह्या जुन्या होंडाचं इंजिन उलटं फिरतं, पुलीकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेनं. झटका दिलास तर बोल्ट आणखी आवळेल. पुली धरायला षटकोनी सॉकेट लागतं, ते माझ्याकडं आहे, मीच केलंय.

खानापूर_जंगल

मंडळी माझ्याकडं डिझेल जीप हाय, नेरशाकडं रोज रानातनं जाणं. पुलीचं रबर सुटलंय, बेल्ट आठवड्याला एकदा उतरतोय. डॅम्परची किंमत ऐकून डोळे फिरले. लोखंडाची साधी पुली लेथवर करून घेऊ का? आमच्यात एकानं केलीय.

निवृत्त_मास्तर

नको, नको, नको. पेट्रोलवर वाद घालायला थोडी जागा तरी आहे, डिझेलवर अजिबात नाही. डिझेलमध्ये सिलिंडरमधला दाब शंभर बारच्या वर जातो, साध्या पेट्रोलच्या दीड-दोन पट. फटकाच तेवढा मोठा. डॅम्पर घ्या, किंमत जास्त वाटत असेल तर क्रँकची किंमत विचारून या.

खानापूर_जंगल

इचारली. डॅम्पर घेतो.

कॅम्पातला_बावा

एक मुद्दा राहिला. ह्या पुल्यांत दोन प्रकार. एक नुसती हलकी, माप तेवढंच. दुसरी हलकी आणि व्यासानं पण लहान, म्हणजे अल्टरनेटर (वीज बनवणारा), एसी, स्टिअरिंग पंप सगळं सावकाश फिरतं, त्यांच्यावरची ताकद वाचते. चोर्लाकर, तुझी लहान आहे का बघ. लहान असेल तर पावसाळ्यात चोर्ला आठव. धुकं, हेडलाइट चालू, वायपर फास्ट, काचेवर दव म्हणून एसी चालू, रेडिएटरचा पंखा चालू, पुढं लाकडाचा ट्रक, तू पहिल्या-दुसऱ्यावर. तेव्हा अल्टरनेटर पंधरा टक्के सावकाश फिरला तर बॅटरीच खाणार. आणि वॉटर पंप सावकाश म्हणजे गाडी तापणार.

चोर्लाकर

बावा, वॉटर पंपाचं माझ्या गाडीला लागू नाही. ह्यात वॉटर पंप टायमिंग बेल्टवर आहे, क्रँक पुली बदलली तरी त्याचा वेग तोच. पण अल्टरनेटरचं पटलं. पुली कॅलिपरनं मोजली, साधारण १० मिलिमीटर लहान आहे व्यासानं. बॉक्सवर हे कुठंच लिहिलेलं नाही.

कॅम्पातला_बावा

बरोबर, चूक माझी. पण बाकीच्या बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप बाहेरच्या बेल्टवरच असतो, वाचणाऱ्यांनी आपापलं बघावं.

हिंदवाडी_हौशी

शिवाय काही इंजिनांत क्रँक सेन्सरचे (क्रँक कुठवर फिरला ते इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगणारा) दाते पुलीवरच असतात. तिथं दाते नसलेली किंवा नुसती अ‍ॅल्युमिनियमची पुली लावली तर सेन्सरला काही कळत नाही, गाडी चालूच होत नाही. आणि वॉरंटीतल्या गाडीवाल्यांनी तर विचार पण करू नये. मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पण ते कडक धरलं. पुलीसाठी आरटीओ तुम्हाला गोगटे सर्कलला अडवणार नाही, पण क्लेमच्या वेळी विमावाला खुसपट काढू शकतो.

टिळकवाडी_टायर

बेळगाव, बेळगावी, बेलगाम, काय लिहायचं ते आधी ठरवा, मग पुलीचं बघू.

धागा_राखणदार

तो धागा वेगळा आहे आणि तो २०११ पासून चालू आहे. इथं कसंही लिहा, टॉर्क तोच राहतो. विषयावर या.

उद्यमबाग_लेथवाला

चोर्लाकर आला होता काल. वजनं लिहून घ्या. मूळची २ किलो १५० ग्रॅम. नवी ६४० ग्रॅम.

नवी पुली मॅन्ड्रेलवर (मापाच्या दांडीवर) चढवून, किती डगमगते ते बघायला डायल लावला. बेल्टच्या खाचेवर ०.१८ मिमी हेलकावा. भोक आणि खाचा वेगवेगळ्या सेटिंगमध्ये मारल्यात, उघड आहे. सात हजार आरपीएमला फिरणाऱ्या वस्तूला हे मी माझ्या पोराकडनं पण घेणार नाही. रंग मात्र सुरेख.

मूळच्या पुलीबद्दल चोर्लाकरच सांगेल, गंमत तिथं आहे.

निवृत्त_मास्तर

वजनं आली, तर हिशोब. बाहेरची त्रिज्या साधारण ७० मिमी, मूळच्या पुलीचं बरंचसं वजन कडेला. वाचलेलं जडत्व ढोबळमानानं ०.००४ किलोग्रॅम-मीटर वर्ग. तुलनेला फ्लायव्हील सात किलोचं धरलं तर त्याचं ०.०६, म्हणजे पंधरा पट. जडत्व कमी करून गाडी चपळ करायची असेल तर खरा माल मागच्या टोकाला आहे, पुढं नाही, आणि फ्लायव्हील हलकं केल्यानं डॅम्परही जात नाही.

आता हे गाडीच्या वजनात मोजू. पहिल्या गिअरमध्ये इंजिन चाकाच्या साधारण १५ पट फिरतं, चाकाची त्रिज्या २९ सेंटिमीटर. हिशोब केला तर ही पुली म्हणजे गाडी ११ किलोनं हलकी झाल्यासारखी. पाचव्या गिअरमध्ये? अर्धा किलो. म्हणजे डिकीतली हत्यारांची पेटी घरी ठेवली तर पहिल्या गिअरचा फायदा फुकटात मिळतो.

ताकदीत बोलायचं तर पहिल्या गिअरमध्ये २००० वरून ६५०० ला दोन सेकंदांत नेलं तर सहा हजाराला पाऊण हॉर्सपॉवर वाचते. चौथ्यात तेच बारा सेकंदांत केलं तर हॉर्सपॉवरचा सातवा-आठवा हिस्सा. एका वेगानं घाट चढताना शून्य, कारण इंजिनाचा वेग वाढतच नाहीये, जडत्वाचा प्रश्नच नाही. चोर्लाकरांची तक्रार नेमकी घाट चढण्याची होती! लहान व्यासामुळं अल्टरनेटर वगैरेवर थोडी वाचेल, पण विजेचा जेवढा लोड आहे तेवढी ताकद अल्टरनेटर घेणारच. बॉक्सवरचे ७-८ कुठून आले ते बॉक्सलाच ठाऊक.

निपाणीचा_गडी

मग मला गाडी भिंगरी कशी वाटते?

निवृत्त_मास्तर

न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावर फरक कानाला जाणवतो, तो खरा आहे. गाडीच्या वेगात तो येत नाही.

कॅम्पातला_बावा

आणि साडेसात हजार घातल्यावर प्रत्येकाचा पाय जरा जड होतोच की.

चोर्लाकर

सगळं सांगतो, जरा लांब होईल.

काकांनी षटकोनी सॉकेट लावून, चार फुटी पाइप घालून बोल्ट सोडवला, आवाज असा आला की शेजारच्या शेडमधले दोघं बघायला आले. पुली हातात घेतल्यावर काकांनी पहिल्यांदा रबर नाही बघितलं, त्यांनी आतल्या चावीचा गाळा आणि बाहेरच्या कड्यावरची खूण यांची जागा ताडून बघितली. मग काही न बोलता परत बसवली, एक नंबरचा प्लग काढून भोकात सळी घातली, पिस्टन बरोबर वर कुठं येतो ते दोन्ही बाजूंनी फिरवून मोजलं. पिस्टन टोकावर, आणि पुलीवरची पांढरी खूण (पिस्टन टोकावर असल्याची) सात-आठ डिग्री बाजूला! बाहेरचं कडं रबरावरनं घसरलंय. रबर चिरलं, कडं आपलं निवांत सरकत गेलं, आणि टायमिंगच्या खुणा त्याच कड्यावर.

म्हणजे बघा काय झालं. मेकॅनिकनं टायमिंग लाइट लावली, सर्व्हिस कनेक्टर जंपर केला, लाल खूण (ठिणगीची) काट्यासमोर आणली, सगळं पुस्तकाप्रमाणं केलं, त्याची काही चूक नाही. पण खूणच खोटं बोलत होती. त्यानं खूण जुळवली आणि ठिणगी सात-आठ डिग्री उशिरा पडायला लागली. गाडी घाटात मेलेली त्यामुळं. तारखा जुळवून बघितल्या, दम गेलाय तो त्या सर्व्हिसिंगपासूनच. आणि सकाळचा बेल्टचा आवाज पण तिथलाच, कडं वाकडं फिरत होतं.

आणि मी त्यावर इलाज म्हणून डॅम्परच काढून टाकणार होतो.

चंदगडी_वाघ

हे भारी आहे. मी दहा वर्षं गाड्या फिरवतोय, खूण घसरू शकते हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

उद्यमबाग_लेथवाला

जुन्या गाडीवाल्यांनी खडूनं, नाहीतर पंचनं, मधल्या भागावर आणि कड्यावर एकच सरळ रेघ मारून ठेवावी. सहा महिन्यांनी बघायचं, रेघ तुटली तर कडं सरकलं. पाच मिनिटांचं काम.

चोर्लाकर

दोन आठवड्यांनी अपडेट.

नवीन मूळचा डॅम्पर मागवला, बाहेरगावाहून आला, पाच हजार आणि वर थोडे. बोल्ट नवा. काकांनी क्रँकचं नाक पुसून, बोल्टला तेलाचा थेंब लावून, रेंचनं कटकट आवाज येईपर्यंत आवळला, मला पण एकदा धरायला दिला. टायमिंग परत सेट केलं, या वेळी खरं. शनिवारी आई-बाबांना घेऊन म्हापशाला जाऊन आलो, येताना केरीपासून वर तिसऱ्यावर, एसी चालू ठेवून. बाबा मागं बसले होते, चोर्ला ओलांडल्यावर एवढंच म्हणाले, आता कशी बरी वाजतेय. कणकुंबीला चहा पाजला त्यांना.

काकांनी मजुरी घेतली नाही, कुंदा घेतला.

निपाणीचा_गडी

अभिनंदन भावा. मी माझी काढणार नाही, आधीच सांगतो. पण सर, ऑइल पंपाचं वाचल्यापासून ऑइल प्रेशरच्या दिव्याकडं लक्ष जाय लागलंय.

निवृत्त_मास्तर

दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. इंजिन कधी उघडाल तेव्हा क्रँकच्या नाकाजवळ भेग तपासून घ्या आणि तोपर्यंत पाच हजाराच्या वर रेंगाळू नका.

निपाणीचा_गडी

पाच हजाराच्या वर जायलाच तर लावलीय ओ सर 😅

चोर्लाकर

असो, निळी पुली टेबलावर पडून आहे, पोरगी त्यावर पेन ठेवते. कुणाला हवी असेल तर द्यायची आहे. निपाणीकर, स्पेअर म्हणून घेता का? निम्म्यात देतो.

निपाणीचा_गडी

०.१८ वाली ना ती? बघतो. घरात विचारून सांगतो.